पाचारण ओळखावे कसे?





दरवर्षी उन्हाळ्यात, परीक्षांचे निकाल लागले की आपल्या समितीकडे काही अर्ज येतात. हस्ताक्षरे निरनिराळी असतात, पण पहिले वाक्य बहुधा एकच असते: प्रभूने मला आदिवासी भागातील सेवेसाठी पाचारण केले आहे. लिहिणाऱ्यांत कोणी नुकता पदवीधर झालेला असतो, कोणी परिचारिका असते, कोणी नोकरी सोडायला निघालेला शिक्षक असतो. या तरुणांशी बोलण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. मंडळ्यांना भेटी देताना आपल्यापैकी अनेकजण मला विचारतात, "पाळकसाहेब, एकाला घेतले, दुसऱ्याला थांबवले, हे तुम्ही कशावरून ठरवता?" प्रश्न रास्त आहे. आपल्या वर्गणीतून आणि उपकारस्तुतीच्या दानातून या सेवकांचा चरितार्थ चालतो. तेव्हा ही पारख कशी होते, तिच्यामागे पवित्र शास्त्राचा आधार कोणता, आणि तिच्यात आपला वाटा काय, हे या अंकात मांडत आहे.

पाचारण म्हणजे काय?

हा शब्द आपण उपासनेत ऐकतो, तसा वर्तमानपत्रातही वाचतो: आग लागली, अग्निशामक दलाला पाचारण करण्यात आले. दलाला बोलावतात ते कोणाचे तरी घर पेटले आहे म्हणून. जवानांना धावण्याची हौस आहे, हे काही बोलावण्याचे कारण नसते. ख्रिस्ती सेवेच्या पाचारणातही ही गोष्ट विसरता कामा नये. बोलावणारा देव आहे, आणि तो बोलावतो ते कोणाच्या तरी गरजेकडे. मोशेला झुडपातून हाक आली, तेव्हा देवाने आधी मिसरातील लोकांचा आक्रोश ऐकल्याचे सांगितले आणि मग "जा" म्हटले.

आपल्या बोलण्यात पाचारण हा शब्द पाळक आणि मिशनरी यांच्यापुरताच उरला आहे. शास्त्रात तो त्याहून मोठा आहे. पहिले पाचारण ख्रिस्ताचे शिष्य होण्याचे, आणि ते आपणा सर्वांना आहे. दुसरे रोजच्या कामातले. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी आग्रहाने शिकवले की मठातले जीवन अधिक पवित्र आणि शेतकऱ्याचे, मोच्याचे किंवा आईचे काम कमी पवित्र, असे नाही. शेजाऱ्याच्या भल्यासाठी केलेले प्रत्येक प्रामाणिक काम हे पाचारणच. तिसरे पाचारण एखाद्या विशिष्ट सेवेसाठी वेगळे केले जाण्याचे. अर्ज येतात ते या तिसऱ्यासाठी. पण पहिली दोन ज्याच्या जीवनात दिसत नाहीत, त्याच्या तिसऱ्याविषयी मला काळजी वाटते.

पहिला आवाज: आपले अंतःकरण

मनातली ओढ खोटी मानू नये. यिर्मयाला हाडांत कोंडलेल्या अग्नीसारखे वाटत होते. एखाद्या सभेत, एखाद्या आजारपणात, एखाद्या पाड्यावर घालवलेल्या आठवड्यात तरुणाचे मन हलते, आणि त्यात देवाचा हात असू शकतो.

पण ओढ किती तीव्र आहे, यावरून ती कोठून आली हे कळत नाही. बाळ शमुवेलाला हाक स्पष्ट ऐकू आली होती, तरी तो तीनदा चुकीच्या माणसाकडे धावला. हाक कोणाची ते ओळखले वृद्ध एलीने, ज्याची दृष्टी मंद झाली होती. आणि पुढे जो संदेश आला तो एलीच्याच घराण्याविरुद्ध होता. म्हणजे एलीने जी हाक ओळखायला मदत केली, ती त्याच्या सोयीची नव्हती. पारख करणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा अध्याय पुन्हा पुन्हा वाचावा असे मला वाटते.

ओढ एका दिवसात उलगडतेच असेही नाही. पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपल्या घरचे आहे. आईवडील आणि थोरली बहीण त्यांनी दुष्काळाच्या वर्षांत गमावली. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकीय शिक्षण घ्यावे या हेतूने. परंतु श्रवणशक्ती कमी होत गेल्याने तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षी त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, ते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी. नंतर १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुली व स्त्रिया घेऊन आल्या, आणि केडगावची मुक्ती उभी राहिली. वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग बंद झाला तेव्हा केडगावचे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे असणे शक्य नव्हते. समोर आलेल्या गरजेला त्या एकेका टप्प्यावर उत्तर देत गेल्या. "मला अजून सगळे स्पष्ट दिसत नाही," असे म्हणणाऱ्या अर्जदाराला मी म्हणूनच कमी लेखत नाही.

दुसरा आवाज: मंडळी

जॉन कॅल्विन यांनी अंतःकरणातील गुप्त पाचारण आणि मंडळीने दिलेले उघड पाचारण असा भेद केला. दोन्ही हवीत. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात अंत्युखियाची मंडळी उपास व उपासना करत असताना पवित्र आत्मा बोलतो, आणि बोलतो तो सर्वांमध्ये. मग मंडळी बर्णबा व शौल यांच्यावर हात ठेवून त्यांची रवानगी करते.

सोळाव्या अध्यायातील एक बारकावा तर पाहण्यासारखा आहे. पौल आणि त्याच्या सोबत्यांना आशियात वचन सांगण्याची मनाई होते, बिथुनियाची वाटही बंद होते, आणि त्रोवस येथे पौलाला रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त होतो. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला. पण त्यावरून देवाने बोलावले आहे असे अनुमान काढताना लूक "आम्ही" असा शब्द वापरतो. पाहिले एकाने, अर्थ लावला सगळ्यांनी मिळून. आणि फिलिप्पै येथे पोहोचल्यावर त्यांना प्रथम भेटल्या त्या नदीकाठी जमलेल्या स्त्रिया! दृष्टान्त खराच होता, पण त्याचा तपशील प्रत्यक्ष जागी गेल्यावरच उलगडला.

म्हणून अर्जासोबत आम्ही पाळकांचे पत्र मागतो, आणि तेवढ्यावर थांबत नाही. संडे स्कूलच्या मुलांना, तरुण संघातील सोबत्यांना, शक्य तर शेजाऱ्यांनाही विचारतो. हा मुलगा सांगितलेल्या वेळी येतो का? सभेनंतर सतरंज्या कोण उचलतो? पैशाचा हिशेब तो कसा देतो? घरी धाकट्या बहिणीशी कसा बोलतो? साक्ष देण्याची हातोटी दहा मिनिटांत दिसते. विश्वासूपणा दिसायला दोन-तीन वर्षे लागतात, आणि तो पाहिलेला असतो तो आपणच.

तिसरा आवाज: ज्यांच्यात जायचे ते लोक

या आवाजाचा विचार आपल्याकडे फार कमी होतो. आदिवासी पाडा म्हणजे जणू आपल्या पाचारणाचे मैदान, आणि तेथील माणसे म्हणजे आपली सेवा घेणारी; त्यांना विचारायचे काय, असे आपण नकळत गृहीत धरतो.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय पाहा. रोजच्या वाटपात आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहूदी विश्वासणाऱ्यांची तक्रार होती. प्रेषितांनी सर्व शिष्यांनाच सात माणसे निवडायला सांगितले. जी सात नावे पुढे आली, ती सातही ग्रीक वळणाची आहेत. ज्या गटावर अन्याय होत होता, त्यांच्या जवळच्या माणसांच्या हाती वाटप सोपवले गेले. पोटाच्या प्रश्नावर सेवक कोण असावा, हे ठरवताना पोट ज्याचे उपाशी त्याचे मत मोजले गेले.

छोटानागपूरचा इतिहासही हेच सांगतो. बेल्जियमचे येशूसंघीय फादर कॉन्स्टंट लीव्हन्स १८८५ मध्ये तोरपा येथे मुंडा लोकांत राहायला गेले. लोकांच्या डोक्यावरचे सर्वांत मोठे ओझे होते जमिनीचे: जमीनदारांनी बळकावलेली शेते, वाढता सारा आणि वेठबिगार. लीव्हन्स यांनी लोकांची रीत आणि जमिनीचा कायदा शिकून घेतला आणि त्यांच्या खटल्यांत मदत केली. केवळ ३७ वर्षांच्या आयुष्यात, १८९३ मध्ये, क्षयाने त्यांचा अंत झाला. पुढे १९०८ चा छोटानागपूर कुळकायदा झाला, त्याच्या घडणीत फादर जॉन हॉफमन या दुसऱ्या मिशनऱ्याचा हातभार होता. ते कॅथलिक परंपरेतले, आपण दुसऱ्या. पण धडा सर्वांसाठी एकच आहे. धर्मगुरूला कायद्याची पुस्तके उघडावी लागली, कारण लोकांनी त्याच्यापुढे तोच प्रश्न ठेवला.

चिंतन कसे करावे?

ईश्वरविज्ञानात्मक चिंतन हे शब्द मोठे वाटतात. अर्थ एवढाच, की जे डोळ्यांनी पाहिले ते देवाच्या वचनाजवळ नेऊन ठेवायचे, आणि वचनाने जे दाखवले ते घेऊन पुन्हा त्याच जागी परतायचे. बेल्जियमचेच जोसेफ कार्डाइन यांनी विसाव्या शतकात तरुण कामगारांना यासाठी तीन पायऱ्या शिकवल्या: पाहा, पारखा, करा. आम्ही चौथी जोडतो: पुन्हा पाहा.

एक उदाहरण देतो. सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर आमचा एक उमेदवार तरुण वर्षभरासाठी राहिला. संध्याकाळी मुलांना जमवून शास्त्राचे पाठ घ्यावेत, हे त्याचे पाचारण आहे असे तो म्हणत असे. दिवाळी झाली आणि मुले दिसेनाशी झाली. आईबापांबरोबर ती गुजरातेत उसाच्या तोडीला गेली होती, काही वीटभट्टीवर.

पाहा. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. घरातले लग्न, आजारपण, बियाणे यांत ती संपते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि हंगामभर राबून ती उचल फेडायची. फिटली नाही तर पुढच्या वर्षीही तोच मुकादम.

पारखा. त्या तरुणाने प्रथम अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायातील नियम काढला: गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी. मी त्याला विचारले, "येथे तर मजुरी आधीच दिली आहे. मग अन्याय कोठे आहे?" तो गप्प झाला. दोन दिवसांनी त्याच अध्यायात थोडे वर त्याला दुसरा नियम सापडला: जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण ठेवून घेऊ नये, कारण ते माणसाचा जीवच गहाण ठेवून घेण्यासारखे आहे. उचलीत हेच घडते. गहाण पडतात ते हात, आणि हातांबरोबर मुलांची शाळा. आधी आठवलेले वचन खरे होते, पण या दुखण्याला ते लागू पडत नव्हते. दुखणे नीट पाहिले म्हणून योग्य वचन दिसले, आणि वचन नीट वाचले म्हणून दुखणे समजले. चिंतन म्हणतात ते याला.

करा. पुढच्या हंगामात त्याने शाळेचे गुरुजी आणि ग्रामपंचायत यांच्या मागे लागून हंगामी वसतिगृहाची सोय करवून घेतली, म्हणजे आईबाप तोडीला गेले तरी मुले आजी-आजोबांजवळ राहून शिकू शकतील. त्याच्या वाट्याला आले भाकरीचे पीठ, खरूज, रात्री रडणारी लहान मुले आणि हजेरीचे कागद.

पुन्हा पाहा. त्याला विचारले, "तुझे पाचारण शिकवण्याचे होते ना?" तो म्हणाला, "आहेच. पण आता कोणाला शिकवायचे ते माहीत आहे." त्याची शिफारस समितीने एकमताने केली.

आम्ही विचारतो ते प्रश्न

पहिला: पावरी, मावची किंवा वारली बोली शिकण्यात पहिले वर्ष घालवायची आणि लहान मुलांचे हसू सोसायची तयारी आहे का?

दुसरा: कशापासून दूर जायचे म्हणून तर तुम्ही येत नाही ना? नोकरी न मिळणे, घरातला बेबनाव, मोडलेले लग्न, यांतूनही देव बोलावू शकतो. पण ते आधी उघडपणे बोलले पाहिजे.

तिसरा: वयाने लहान, कमी शिकलेल्या आदिवासी पुढाऱ्याच्या हाताखाली काम कराल का?

चौथा: ज्याला औषध दिले, ज्याचे मूल शिकवले, तो कधीच मंडळीत आला नाही, तरी त्याच प्रेमाने राहाल का? सेवा ही आमिष नव्हे. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले, परत आला एकच. म्हणून उरलेल्या नऊ जणांचे आरोग्य त्याने काढून घेतले नाही.

पाचवा: घरी कर्ज आहे का, आईवडील कोणावर अवलंबून आहेत? काहींना हा प्रश्न आध्यात्मिक वाटत नाही. पण आईच्या औषधाचे पैसे ज्याला पाठवता येत नाहीत, त्याचे मन पाड्यावर टिकत नाही.

समितीपुढचा यंदाचा प्रश्न

आरोग्यसेवेच्या एका जागेसाठी यंदा आमच्यापुढे दोन नावे आहेत. एक शहरातील मंडळीची अनुभवी परिचारिका. तिची ओढ खरी आहे, आणि तिच्या मंडळीने खर्चाचा मोठा भाग उचलण्याची तयारी दाखवली आहे. दुसरी त्याच भागातील मुलगी. तिने नुकताच परिचारिकेचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे, बोली तिची आईची भाषा आहे, पण तिच्यामागे पैसे उभे करणारे कोणी नाही. खर्चाची तरतूद एकाच जागेची आहे.

मला उत्तर सोपे वाटले होते: स्थानिक मुलगी. तरी आम्ही पाड्यांवर जाऊन विचारले. बाळंतपणाला आमचीच पोरगी हवी, तिला आमचे बोलणे समजते, असे म्हाताऱ्या बायका म्हणाल्या. पण त्यांच्यातल्याच दोघी हळूच म्हणाल्या, की क्षयासारखे दुखणे किंवा घरातली मारहाण बाहेरच्या बाईला सांगणे सोपे जाते, कारण ती कोणाची भावकी नसते. लग्न होऊन मुलगी दुसऱ्या गावी गेली तर काय, असे एका कारभाऱ्याने विचारले. निर्णय अजून झालेला नाही. एवढे मात्र कळले, की हे प्रश्न समितीच्या टेबलाशी बसून आम्हांला सुचले नसते.

येथे आपल्याशी मोकळेपणाने बोलतो. देणगी ओळखीच्या चेहऱ्यामागे जाते, आणि ते स्वाभाविक आहे. पण त्यामुळे ज्यांना आपण ओळखत नाही त्यांचे पाचारण पैशाअभावी मागे पडू शकते. आज पाड्यांवरून येणारे अर्ज वाढत आहेत. त्यांच्या शिक्षणाचा प्रश्नही अवघड आहे: शहरातील ईश्वरविज्ञान महाविद्यालयात काही वर्षे घालवली की गावी परतणे जड जाते. ग्वाटेमालात प्रेस्बिटेरियन मंडळीपुढे हीच अडचण होती. १९६३ मध्ये तेथे शिक्षकांनीच विद्यार्थ्यांच्या गावाकडे जायला सुरुवात केली, म्हणजे शेत आणि संसार न सोडता पुढाऱ्यांना शिकता येईल. विस्तारित ईश्वरविज्ञान शिक्षणाची ही पद्धत पुढे भारतातही आली. आपल्या भागातही तिचा उपयोग व्हावा, अशी माझी इच्छा आहे.

ज्यांना जाऊ दिले नाही

मार्काच्या पाचव्या अध्यायात गरसेकरांच्या प्रदेशातील बरा झालेला मनुष्य येशूबरोबर जाण्यासाठी विनवणी करतो. येशू त्याला येऊ देत नाही. आपल्या घरी, आपल्या लोकांकडे जा, असे सांगतो. तो दकापलीसमध्ये साक्ष देऊ लागतो. शिष्यांना "माझ्यामागे या" म्हणणाऱ्यानेच याला "घरी जा" म्हटले, दोन्ही पाचारणेच.

समितीने ज्यांना नाही म्हटले, त्यांना मी हा उतारा वाचून दाखवतो. त्यांतील एकजण आज आपल्या गावच्या सोसायटीत प्रामाणिक सचिव आहे. दुसरी सरकारी रुग्णालयात रात्रपाळी करते, आणि दूरच्या पाड्यांवरून आलेल्या बायकांना योग्य खिडकीपर्यंत हात धरून नेते.

आपल्या मंडळीत कोणी तरुण म्हणाला, "मला पाचारण आहे," तर लगेच टाळ्या वाजवू नका आणि हसण्यावारीही नेऊ नका. एलीसारखे त्याच्याबरोबर दोन-तीनदा बसा, त्याला ऐकायला शिकवा, आणि निघालेले उत्तर आपल्या सोयीचे नसले तरी ते ऐकून घ्या.

प्रार्थनेसाठी विषय:

१. आरोग्यसेवेच्या जागेचा निर्णय पुढील तिमाहीत व्हायचा आहे. दोन्ही भगिनींसाठी आणि समितीला सद्बुद्धी मिळावी यासाठी.

२. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे आणि वसतिगृहात मागे राहिलेली मुले यांच्यासाठी.

३. पाड्यांवरील ज्या तरुणांना देव बोलावत आहे, पण ज्यांच्यामागे अजून कोणी उभे नाही, त्यांच्यासाठी.

प्रभूच्या सेवेत आपला,
उमेदवार मार्गदर्शन समितीचा एक सभासद